चालत दवाखान्यात गेलेले वडील अंथरुणाला कसे खिळले?

प्रश्न असा आहे. वडील ७८ वर्षांचे, खानापूर तालुक्यातल्या गावी भातशेती करणारे. ऐन पावसात न्यूमोनिया झाला म्हणून बेळगावच्या एका खासगी दवाखान्यात ११ दिवस होते, त्यातले ३ दिवस आयसीयूत. जाताना गाडीतून उतरून स्वतःच्या पायांनी आत गेले. आता घरी आणलंय. छाती साफ आहे, रिपोर्ट नॉर्मल आहेत, पण आधाराशिवाय उभं राहता येत नाही. रात्री बडबडतात, कधी कधी आईलाही ओळखत नाहीत. डॉक्टर म्हणाले, "वयोमानानुसार आहे." मुलगा पुण्यात नोकरीला आहे आणि तो विचारतो: उपचारात काही चुकलं का? त्यांना पुण्याला मोठ्या दवाखान्यात हलवावं का?

आधी आजच्या आज करायचं ते सांगतो. बाकीचं रात्री निवांत वाचा.

दिवसा गुंगीत पडून राहणं, रात्री बडबडणं, आत्ता ओळखणं आणि तासाभरानं न ओळखणं, असा चढउतार असेल तर तो डिलिरियम. आपल्याकडे म्हणतात 'वात झालाय', तोच हा. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, वेगळा, तो वर्षानुवर्षं हळूहळू येतो. महिन्यापूर्वी घरचा हिशेब सांगणाऱ्या माणसाला तो ११ दिवसांत होत नाही. डिलिरियमच्या मागे शरीरात काहीतरी बिघडलेलं असतं आणि ते बहुधा सापडतं. बेंबीखाली पोट टणक फुगलंय का ते हातानं बघा. दवाखान्यातली लघवीची नळी काढल्यावर या वयाच्या पुरुषांची लघवी तुंबणं अगदी नेहमीचं, आणि माणूस ते सांगत नाही, नुसता अस्वस्थ होतो. संडास होऊन किती दिवस झाले? घरी आल्यावर कुठे पडले का, डोक्याला मार लागला का? ताप आहे का, बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ९२ च्या खाली जातोय का? हे बघून झालं की रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते यावरून कळतं), साखर, रक्तपेशी आणि लघवी एवढ्या तपासण्या करून घ्या. त्यासाठी बेळगावला जायची गरज नाही, खानापुरातली लॅब करते. मात्र हाक मारूनही डोळे उघडत नसतील, घोट गिळता येत नसेल, धाप लागत असेल किंवा डोक्याला मार लागला असेल, तर तपासण्यांची वाट बघू नका, परत दवाखान्यात न्या.

आणि एक. सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरा. नव्या, जुन्या, मेडिकलमधून आणलेल्या, शेजारच्यांनी दिलेल्या, सगळ्या. झोपेची गोळी, सर्दी-खोकल्याचं गुंगी आणणारं औषध, खाजेसाठी दिलेली अ‍ॅव्हिल, पायांच्या आगीसाठी दिलेली अ‍ॅमिट्रिप्टिलिन, यातलं काहीही म्हाताऱ्या मेंदूला भ्रमात ढकलू शकतं. अ‍ॅव्हिल तर आपल्याकडे सलाईनमधून इतक्या सहज देतात की कागदावर तिची नोंदही धड सापडत नाही. पण झोपेची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर एकदम बंद करू नका, त्यानंही वात होतो. पिशवी घेऊन तुमच्या नेहमीच्या फिजिशियनकडे जा आणि एकेक गोळी दाखवून "ही लागतेच का?" असं विचारा.

आता मूळ मुद्दा. "वयोमानानुसार" हे उत्तर मला मान्य नाही. ११ दिवसांत माणसाचं वय ११ दिवसांनीच वाढतं. न्यूमोनियाचा उपचार चुकला असंही तुम्ही लिहिलेल्यावरून दिसत नाही, उलट छाती साफ झालीय. जंतू मारायचं काम चोख झालं. त्या वेळात पाय आणि डोकं सांभाळायचं काम मात्र कोणाकडेच नव्हतं. असं एका दवाखान्यात नाही, बहुतेक ठिकाणी होतं, आणि जगभर होतं. यावर गेल्या २५-३० वर्षांत भरपूर संशोधन झालंय. त्यातलं तुमच्या कामाचं तेवढं सांगतो.

वडील आजारी पडायच्या दोन आठवडे आधी कसे होते, हा माझा पहिला प्रश्न. तो मी तुम्हाला विचारत नाही, तुमच्या वहिनींना विचारा. तुम्ही गणपतीला आणि मे महिन्यात येता, तेव्हा घरात गर्दी असते आणि ते उसनं अवसान आणून बसतात. वहिनी रोज बघतात. यंदा रोप लावणीला स्वतः चिखलात उतरले होते की बांधावर छत्री घेऊन बसले होते? शेतावरून येताना वाटेतल्या कट्ट्यावर टेकायला लागले होते का? लेंग्याची नाडी पूर्वीपेक्षा जास्त ओढून बांधावी लागत होती का? भाकरी दोनाची एक कधी झाली? बाजाराला खानापूरला एकटे जाणं कधी बंद केलं?

असल्या प्रश्नांतून जे कळतं त्याला फ्रेल्टी म्हणतात: शरीरातली शिल्लक संपत आलेली अवस्था. २००१ साली अमेरिकेतल्या डॉक्टर लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या पाच खुणा मांडल्या. प्रयत्न न करता घटलेलं वजन, सतत थकवा, हाताची कमी झालेली पकड, मंदावलेली चाल आणि एकूणच कमी झालेली हालचाल. पाचांपैकी तीन असतील तर फ्रेल्टी, एक-दोन असतील तर तिची पायरी. कॅनडाच्या केनेथ रॉकवूड यांनी २००५ मध्ये त्याहून सोपी मोजपट्टी दिली. सुरुवातीला ती सात पायऱ्यांची होती, आता नऊ आहेत. पहिली पायरी धडधाकट माणसाची, नववी शेवटच्या दिवसांतल्या माणसाची. पाचवीवरचा माणूस घरात सगळं करतो, पण बँक, औषधं, बाजार यांना मदत लागते. सहावीवर घराबाहेरच्या सगळ्याच कामांना आणि अंघोळीला मदत लागू लागते. सातवीवर स्वतःच्या अंगाचंही दुसऱ्यानं करावं लागतं. ही पायरी ठरवायची ती आजारपणाच्या आधीची, खाटेवर झोपलेल्या माणसाकडे बघून नव्हे. इथेच गफलत होते. आयसीयूत १०४ ताप असलेला कोणीही मरायला टेकल्यासारखा दिसतो. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरला हे आजोबा परवापर्यंत म्हशीची धार काढत होते की दोन वर्षं खुर्चीतच होते, हे सांगितल्याशिवाय कळणार कसं? आणि सांगणारा मुलगा पुण्याहून आलेला.

तुमच्या वर्णनावरून वडील चौथ्या-पाचव्या पायरीवर असावेत असा माझा अंदाज. म्हणजे चालते-फिरते होते, पण शिल्लक थोडी होती. अशा माणसाला न्यूमोनिया झेपतो. पण न्यूमोनिया, ११ दिवस आडवं पडणं, उपास आणि अपुरी झोप असं सगळं एकदम झेपत नाही.

आडवं पडणं किती महाग पडतं याचा एक प्रयोग २००७ मध्ये अमेरिकेत झाला. सरासरी ६७ वर्षांच्या १२ निरोगी माणसांना फक्त १० दिवस अंथरुणात ठेवलं. आजार काही नाही, जेवण व्यवस्थित. तरी दोन्ही पायांचा मिळून सुमारे एक किलो मांसल भाग गेला आणि ताकद जवळजवळ १५ टक्क्यांनी घटली. हे निरोगी लोकांचं. तापानं फणफणलेल्या, तीन घास पेज खाणाऱ्या ७८ वर्षांच्या माणसाचं काय होत असेल? दुसऱ्या एका अभ्यासात दवाखान्यात भरती असलेल्या ज्येष्ठ पुरुषांच्या पायांना हालचाल टिपणारी यंत्रं लावली. ही माणसं भरतीआधी चालती होती. दवाखान्यात मात्र दिवसाचा ८३ टक्के वेळ ती आडवी होती, आणि झोपून राहा असं त्यांच्यातल्या बहुतेकांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

आपल्या वॉर्डात बघा. एका हाताला सलाईन, लघवीला नळी, खाटेला दोन्ही बाजूंनी कठडे. लघवीची नळी हा न दिसणारा दोरखंड आहे. ती असली की उठायचं कारणच राहत नाही. गरज नसताना ती राहिली तर जंतूसंसर्ग आणि वात दोन्ही. वर नातेवाईक बसलेले असतातच: "मामा, उठू नका, पडाल." प्रेमापोटीच म्हणतात. नर्सबाईही तेच म्हणतात, कारण पेशंट पडला तर त्यांना जाब द्यावा लागतो. अंथरुणात कुजला तर कोणी जाब विचारत नाही.

याच्या उलट काय करता येतं तेही सिद्ध झालंय. अमेरिकेत शॅरन इनूये यांनी ७० च्या वरच्या ८५२ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध कुठलंही नवं नाही. रोज आज कुठला वार, आपण कुठे आहोत हे सांगणं, चष्मा आणि कानाचं यंत्र लावणं, दिवसातून तीनदा उठवून चालवणं, पाणी पाजणं, रात्री गोळीऐवजी गरम दूध आणि शांतता. नेहमीच्या पद्धतीत १५ टक्के रुग्णांना डिलिरियम झाला, या पद्धतीत ९.९ टक्क्यांना. स्पेनमधल्या पॅम्प्लोना इथे ३७० रुग्णांवर, ज्यांचं सरासरी वय ८७ होतं, भरती असतानाच सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं ताकदीचा आणि तोलाचा व्यायाम करून घेतला. नेहमीच्या उपचारातले लोक घरी जाताना आले होते त्यापेक्षा परावलंबी झालेले होते. व्यायामवाले किंचित सुधारून गेले. वय ८७! ते मला कोणी पेशंट "आता या वयात काय व्यायाम" म्हणाला की हमखास आठवतं.

मग हे सगळीकडे का होत नाही? कारण याला माणसं लागतात, आणि ती नेमकी नाहीत. पण कुठली माणसं नाहीत, याचा हिशेब आपण चुकीचा मांडतो.

वर्तमानपत्रात येतं, देशात साधारण ८००-८५० लोकांमागे एक डॉक्टर, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या नावानं सांगितल्या जाणाऱ्या हजाराला एक या मापापेक्षा बरं. त्या आकड्यात आयुषचे, म्हणजे आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरेंचे डॉक्टर धरलेले आहेत, आणि तो सरासरीचा आकडा आहे. एमबीबीएसच्या जागा २०१४ मध्ये ५१ हजारांच्या आसपास होत्या, दहा वर्षांत त्या १ लाख १० हजारांच्या पुढे गेल्या. तरी केंद्र सरकारच्याच ग्रामीण आरोग्याच्या आकडेवारीत सामुदायिक आरोग्य केंद्रांतल्या तज्ज्ञांची तूट सुमारे ८० टक्के दिसते. कर्नाटकानं २०१२ मध्ये डॉक्टरांना शिक्षणानंतर सक्तीच्या सेवेचा कायदा केला. तरुण डॉक्टर वर्षभर येतो, लोकांची नावं पाठ व्हायच्या आत पुढच्या परीक्षेला निघून जातो. त्याला दोष देत नाही, मीही त्याच्या वयाचा असतो तर तेच केलं असतं.

बेळगाव शहरात मात्र डॉक्टर कमी नाहीत. १९६३ पासून इथे वैद्यकीय महाविद्यालय आहे, आता सरकारीही आहे. हृदयाचा, किडनीचा, मेंदूचा, फुप्फुसाचा डॉक्टर मिळतो. तुमच्या वडिलांनाही बहुधा तीन-चार जणांनी तपासलं असणार. प्रत्येकानं आपापला अवयव बघितला, दोन गोळ्या लिहिल्या आणि गेला. अख्ख्या माणसाची जबाबदारी कोणाची? अमेरिकेत १९९६ पासून हॉस्पिटलिस्ट नावाचा वर्ग उभा राहिला. दिवसभर वॉर्डातच असणारा, भरती रुग्णाचं सगळं एकहाती बघणारा जनरल डॉक्टर. आपल्याकडे तशी रीत फारशी नाही. मोठ्या नावाचा डॉक्टर सकाळी राउंडला येतो, बाकीचे तेवीस तास निवासी डॉक्टर आणि नर्स. वृद्धांच्या वैद्यकाची एमडी पदवी भारतात १९९६ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजात सुरू झाली, पण तसे डॉक्टर अजून इतके थोडे आहेत की चिक्कोडी-अथणीच्या माणसानं त्यांची वाट बघण्यात अर्थ नाही.

'अनुभवी डॉक्टर' या हट्टाबद्दल थोडं. पेशंटचे लोक केस पांढरे झालेला डॉक्टर मागतात. अमेरिकेत ६५ च्या वरच्या रुग्णांवर २०१७ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ४० च्या आतल्या डॉक्टरांचे ३० दिवसांत १०.८ टक्के रुग्ण दगावले, साठी ओलांडलेल्यांचे १२.१ टक्के. मात्र जे डॉक्टर भरपूर रुग्ण बघतात त्यांच्यात हा फरक उरत नाही. माझे स्वतःचे केस पांढरे आहेत, तेव्हा हे सांगताना मला फार आनंद होतो असं नाही. पण वॉर्डात रोज किती वेळ असतो, हे वयापेक्षा महत्त्वाचं.

आणि खरी टंचाई नर्सची. युरोपातल्या नऊ देशांतल्या ३०० रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये आला. एका नर्सकडे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत महिन्याभरात मरण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. एक रुग्ण! आपल्याकडे रात्रपाळीला एकटी मुलगी अख्खा वॉर्ड बघते. तिनं औषधं द्यायची, सलाईन बदलायची, केसपेपर भरायचा आणि वर तुमच्या वडिलांना उठवून चालवायचं? कधी? चांगल्या शिकलेल्या मुली इथे दोन वर्षं काढतात आणि आखातात नाहीतर बंगळुरूला जातात. इथे मिळणाऱ्या पगारात त्या का थांबाव्यात, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

सीमाभागात यात भाषेची भर पडते. भांडणाची गोष्ट म्हणून नाही, तपासणीची म्हणून सांगतो. तुमच्या वडिलांना बाजारापुरतं कन्नड येतच असणार. पण भ्रमात असलेल्या माणसाची दुसरी भाषा आधी सुटते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. मग नर्स कन्नडमधून विचारते, आजोबा उत्तर देत नाहीत आणि कागदावर 'रुग्ण सहकार्य करत नाही' असं लिहिलं जातं. डिलिरियमच्या प्रमाणित चाचणीत वय, जन्मतारीख, ठिकाण आणि साल विचारतात, मग महिने उलटे म्हणायला सांगतात. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना जन्मतारीख मुळातच ठाऊक नसते. मी विचारतो, "मामा, आत्ता कुठला सण झाला? पंचमी का गणपती?" मग म्हणतो, "रविवारपासून वार उलटे म्हणा बघू, रविवार, शनिवार..." ज्याचं लक्ष ठिकाणावर आहे तो निरक्षर असला तरी हसत हसत म्हणतो. डिलिरियमवाला शुक्रवारपाशी अडतो आणि खिडकीकडे बघत बसतो. दिवसातून एकदा तुमच्या भावाला हे करायला सांगा आणि वहीत लिहून ठेवा. सुधारणा होतेय की नाही ते रिपोर्टच्या आधी वहीतच दिसेल. एक सावधगिरी: बडबडणारा, नळ्या ओढणारा सगळ्यांना दिसतो, पण गप्प पडून राहणाऱ्याला 'आता शांत झालेत' म्हणून सोडून देतात, आणि तोच जास्त धोक्यात असतो.

पुण्याला न्यायचं का? माझं मत, आत्ता नाही. बेळगाव ते पुणे साधारण ३४० किलोमीटर, त्यात तुमच्या गावापासूनचा रस्ता. पुन्हा नवी खोली, नवे चेहरे, नवी सलाईन. डिलिरियमला हे खतपाणीच. आपल्या भागात जुनी सवय आहे. मिशनरी डॉक्टर वॉनलेसनी १८९४ मध्ये मिरजेला दवाखाना काढला तेव्हापासून चार पिढ्या 'मिरजेला न्या' म्हणत आल्या. खानापूरवाले तसे गोव्यालाही धावतात. ऑपरेशनसाठी, अडलेल्या निदानासाठी दूर जाणं बरोबरच होतं आणि आहे. पण तुमच्या वडिलांना आज लागतंय ते कुठल्याही यंत्रात नाही. सोडियम फार कमी निघालं, लघवी तुंबली, पुन्हा संसर्ग झाला, तर भरती बेळगावातच करा. आणि दवाखाना निवडताना आयसीयू किती खाटांची हे विचारू नका. विचारा: उद्या सकाळी यांना खुर्चीत कोण बसवणार? फिजिओथेरपिस्ट रोज येतो का? रात्री घरचं एक माणूस खाटेजवळ राहू देता का? सगळ्या डॉक्टरांच्या गोळ्या एकत्र बघणारा एक डॉक्टर कोण? चौघांनी चार उत्तरं दिली तर दुसरा दवाखाना बघा.

वृद्ध रुग्णाची अशी सगळ्या बाजूंनी तपासणी, म्हणजे आजार, औषधं, चाल, मन, घर आणि घरचे यांचा एकत्र विचार, एकाच चमूनं केली तर काय होतं याच्या २९ चाचण्या २०१७ च्या एका आढाव्यात एकत्र केल्या. रुग्ण १३ हजारांच्या वर. पुढच्या तीन ते बारा महिन्यांत जिवंत आणि स्वतःच्या घरी असण्याची शक्यता वाढली. फायदा प्रचंड नाही, साधारण ३३ जणांवर असे उपचार केले की एक जास्तीचा माणूस आपल्या घरी राहतो. रक्तदाबाच्या कित्येक गोळ्यांचा हिशेब याहून बरा नसतो.

आता घरी काय करायचं. उभं करण्यापासून सुरुवात.

खाटेची उंची बघा. गुडघ्यापेक्षा खाली असेल तर पायांखाली विटा नीट बसवून ती उंच करा. जमिनीवरचं अंथरूण तूर्त बंद. आधी कुशीवर वळवा, पाय खाटेखाली सोडा, कोपरावर भार देऊन बसू द्या. दोन मिनिटं तसंच बसवा, चक्कर येते का विचारा. रक्तदाबाच्या गोळ्या जुन्या वजनाच्या हिशेबानं चालू असतात आणि वजन पाच किलो उतरलेलं असतं. म्हणून उभं राहिल्यावर दाब पडतो. दाब झोपून आणि उभं राहून असा दोन्ही वेळा मोजा, खूप उतरत असेल तर डॉक्टरांना कळवा. मग पावलं मागे, गुडघ्यांच्या खाली. नाक पायांच्या अंगठ्यांच्या पुढे येईल इतकं वाकायचं आणि उठायचं. भावानं काखेत हात घालून ओढू नये, खांदा निखळतो. कंबरेला घडी घातलेला पंचा बांधून तो धरावा. पहिल्या दिवशी दोनदा उभं राहिले तरी पुष्कळ. उभं राहून दहा आकडे मोजायचे, मग खुर्ची. तिन्ही वेळचं जेवण खुर्चीत. झोपून भरवलेला घास श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया परत येतो.

फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा आला तरी चालेल. त्यानं करून दाखवायचं, रोजचं घरच्यांनी करून घ्यायचं. ७० च्या वरच्यांसाठी केंद्रानं २९ ऑक्टोबर २०२४ ला आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांचं संरक्षण सुरू केलं. कार्डाचं काय ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारून ठेवा, पण अशा योजनांचा पैसा भरती असतानाच्या उपचारांना असतो. घरी येणाऱ्या फिजिओचे पैसे तुम्ही पुण्याहून पाठवा. गाडी करून पुण्याला नेण्यापेक्षा तिथे ते जास्त कामी येतील.

खाण्याबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. आजारी माणसाला पेज, नारळपाणी, बिस्किट. यात प्रथिनं जवळजवळ नाहीत. आजारातून उठणाऱ्या वृद्धाला वजनाच्या किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, वाटीभर घट्ट वरणात तेवढीच. तुमच्याकडे मासळी चालत असेल तर उत्तम. माळकरी असतील तर दूध, दही, पनीर, मटकी, शेंगदाण्याचं कूट, हुलग्याचं माडगं. हुलग्यात शंभर ग्रॅमला वीस ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात आणि माडगं गिळायलाही सोपं. एका वेळी ताटभर जाणार नाही, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं द्या. क्रिएटिनिन वाढलेलं निघालं तर प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा. कवळी दवाखान्याच्या ड्रॉवरमध्ये राहिली नाही ना, ते बघा. चष्माही. हसू नका, अर्धे 'न ओळखणारे' चष्म्याविना असतात.

रात्रीसाठी मंद दिवा, उशाशी नेहमीचं माणूस, दिवसा उजेडात बसवणं. भांडू नका. गेलेल्या भावाला हाक मारत असतील तर "तो मेलाय की" म्हणून पुन्हा पुन्हा रडवू नये, बोलणं शेताकडे वळवावं. हात बांधायचे नाहीत.

किती बरे होतील? खरं सांगितलं पाहिजे. अमेरिकेतल्या ७० च्या वरच्या रुग्णांच्या एका अभ्यासात, दवाखान्यातून जाताना जे नव्यानं परावलंबी झाले होते त्यांतले ४१ टक्के वर्षभरात गेले, २९ टक्के जिवंत राहिले पण पूर्ववत झाले नाहीत, ३० टक्के आधीसारखे झाले. त्यात अनेक दुर्धर आजार असलेले लोक होते. तुमचे वडील महिन्यापूर्वी शेतात जात होते, कारण स्पष्ट आहे, संसर्ग गेलाय. त्यामुळे मी त्यांना त्या तिसऱ्या गटात बघतो, पण त्याला दोन-तीन महिने लागतील, दोन आठवडे नाही. पाय डोक्याआधी सुधारतात किंवा उलटंही होतं. मोजायचं असेल तर पोटरीचा सगळ्यात जाड घेर टेपनं दर पंधरा दिवसांनी मोजा. आशियाई पुरुषांत ३४ सेंटिमीटरच्या खाली स्नायू झिजल्याचा संशय धरतात. हात छातीशी घेऊन खुर्चीतून पाचदा उठ-बस करायला १२ सेकंदांपेक्षा कमी वेळ लागू लागला की मला फोन करून सांगा.

भ्रम उतरला की फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी घ्या. आणि तेव्हाच, आईसमोर, वडिलांना स्वतःला विचारा: पुन्हा असं झालं तर नळी घालून मशीनवर ठेवलेलं चालेल का? हा प्रश्न आयसीयूच्या दारात भावाला विचारला जातो आणि तो घाबरून काहीतरी सांगतो. अशी इच्छा आधीच लिहून ठेवलेल्या कागदाला (लिव्हिंग विल) सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये मान्यता दिली, २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. कर्नाटक सरकारनं ३० जानेवारी २०२५ ला त्याच्या अंमलबजावणीचा आदेश काढला. ते "मला मरायचं नाही, मशीन लावा" म्हणाले, तर तेही लिहा. फ्रेल्टीची पायरी पाहून उपचार नाकारायचे, असा याचा अर्थ नाही. काय झेपेल आणि काय नाही, एवढंच त्यातून कळतं.

सोडियमचा रिपोर्ट आला की आधी तो कळवा. १२५ च्या खाली असेल तर कळवायलाही थांबू नका, भरती करा, आणि खाटेजवळ वहिनींना ठेवा.